शिराळ्याचा नाग: पोथीतून कोर्टात (थोडी पार्श्वभूमी)

आषाढ संपत आला, नागपंचमी जवळ आली की सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्याचा विषय दरवर्षी परत निघतो, तिथं पंचमीला जिवंत नाग धरून पूजायची पद्धत म्हणून. जिवंत नाग पूजायचा का नाही, कोर्ट काय म्हणालं, केंद्रानं काय दिलं, आणि मग दोन्ही बाजूंनी इतिहास सांगायला सुरुवात होते. एक बाजू म्हणते हजार वर्षांची परंपरा, दुसरी म्हणते सगळ्या भाकडकथा. नागपंचमीला नांगर का धरत नाहीत, तवा का ठेवत नाहीत, चिरायचं-कापायचं का टाळतात हे इथं सांगत बसत नाही, ते आपल्याकडं शेंबडं पोरगंबी सांगेल. बघायचंय ते एवढंच, की शिराळ्यात गोष्ट आणि कागद एकमेकांत कालवले कधी गेले. माझं मत आधीच सांगून टाकतो, ते काय फार जुन्या काळात झालेलं नाही, बऱ्यापैकी अलीकडचं आहे, आणि ज्या ज्या वेळी कुणाला तरी कागदाची गरज पडली त्या त्या वेळी झालंय.

गोष्ट अशी. गोरक्षनाथ भिक्षा मागत शिराळ्यात आले, एका घरासमोर अलख केला, आतून कुणी लवकर येईना. बाई मातीच्या नागाची पूजा करत होत्या म्हणून वाढायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची करशील का पूजा, त्या हो म्हणाल्या, आणि नाथांनी तो मातीचा नाग जिवंत केला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग. आता ही गोष्ट नीट ऐकली तर गंमत कळते, की गोष्टीतच आधी मातीचा नाग आहे, जिवंत नंतर आला. म्हणजे आज जे म्हणतात मातीच्या नागाची पूजा करा, ते गोष्टीच्या पहिल्या अर्ध्या भागात उभे आहेत आणि शिराळकर दुसऱ्या. दोघांना एकच गोष्ट पुरते.

हजार वर्षांचं गणित कुठून येतं तर ते गोरक्षनाथांच्या काळावरनं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. तिच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी आपली परंपरा सांगितलीय, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. त्या हिशोबानं गोरक्षनाथ निवृत्तीनाथांच्या दोन पिढ्या आधीचे ठरतात आणि बरेच अभ्यासक त्यांना अकराव्या-बाराव्या शतकात धरतात. म्हणजे हजार हा आकडा अगदीच हवेतला नाही, आठशे-नऊशे म्हटलं असतं तर कुणी हरकत घेतली नसती, पण आठशे म्हणायला जोर येत नाही. आणि आपल्या घरात नाथांच्या ज्या गोष्टी फिरतात त्या बहुतेक नवनाथ भक्तिसारातल्या, आणि ती पोथी शके १७४१ ची, १८१९ ची, म्हणजे पेशवाई बुडाल्याच्या पुढच्या वर्षीची! आपण जे अतिप्राचीन म्हणून वाचतो ते इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर लिहून झालंय. अर्थात त्यामागं जुनी परंपरा असणारच, नाथपंथ या पट्ट्यात जुनाच आहे, शेजारच्या वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगड आहे, तो किल्ला शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सुमारास बांधला आणि नाव मात्र मच्छिंद्रनाथांचं. पण नाथपंथ जुना आहे म्हणून नाग धरायची पद्धत तेवढीच जुनी, ही उडी आपण मारतो, कागद मारत नाही.

हे एकट्या शिराळ्याचं नाही हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल इथलेच लोक भाबडे. सातारा-सांगलीत टेकडी दिसली की पांडव येऊन गेलेले असतात. वाई म्हणजे विराटनगरी, तिथंच कीचक मारला, वर पांडवगड, पलीकडं वैराटगड. आता विराटपर्वात कौरव हस्तिनापूरहून येतात आणि विराटाच्या गायी पळवतात, आणि त्याच्या मत्स्य देशाची राजधानी अभ्यासक जयपूरजवळच्या बैराटला दाखवतात जिथं अशोकाचा शिलालेख सापडला. गायी हाकत हस्तिनापूरपासून वाईपर्यंत येऊन परत जाणारे कौरव म्हणजे लई दमदार गडी म्हणायचे. तिकडं कर्नाटकातलं हानगल पण विराटनगरी म्हणूनच सांगतात, त्यांच्याकडं जुने कोरीव लेख तरी आहेत. आणि खरी मजा पुढंच. महाभारतात ज्याचं नाव सरळ आलंय ते गाव आपल्याकडंच आहे, कराड. सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयात करहाटक येतं, आणि इसवी सनापूर्वीच्या भारहूत स्तूपावर त्याच गावच्या लोकांनी दिलेल्या दानाचा लेख आहे. पोथीत पण, दगडावर पण! पण कराडात पांडवांचं विशेष काही कौतुक नाही आणि वाईला डोंगरासकट सगळं. असो. जरंड्याचा डोंगर म्हणजे हनुमंताच्या हातातनं पडलेला द्रोणागिरीचा तुकडा, बहे बोरगावला मारुतीनं बाहू पसरून कृष्णेचा लोंढा अडवला, या गोष्टी चालू राहतात, त्यांनी कुणाचं बिघडत नाही. बिघडायला लागतं ते गोष्ट नकाशावर किंवा अर्जावर गेली की.

पहिल्यांदा ती गेली इंग्रजांच्या काळात. १८८५ च्या सातारा गॅझेटियरात, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, साहेबांनी गावोगाव जे ऐकलं ते 'असं म्हणतात' करून लिहून घेतलं (शिराळा तेव्हा साताऱ्यातच, दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा निघाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं). नंतर लिहिणाऱ्यांनी त्यातलं 'असं म्हणतात' एवढंच गाळलं. पांडवगडाचं बघा, पांडवांची कथा नको म्हणणारे लोक मोठ्या थाटात सांगतात की तो शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधला. ते पण मुळात परंपरेनं सांगितलेलंच, या भोजाच्या नावावर तर पंधरा किल्ले आहेत. कथा नाकारायची आणि दुसरी कथा इतिहास म्हणून घ्यायची, फक्त दुसरीत राजाला सनावळी आहे म्हणून.

शिराळ्यात अजून एक थर आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराजांना संगमेश्वरला पकडलं आणि घाटावरून नेलं, त्या वाटेवर शिराळ्याच्या भुईकोटापाशी त्यांना सोडवायचा प्रयत्न झाला अशी तिथली परंपरा. पकडल्याची, पुढं बहादूरगडाची आणि ११ मार्चच्या तुळापूरची नोंद पक्की, मधला प्रयत्न तोंडी परंपरेतला. पण त्यावर कुणी भाकडकथा म्हणून हसत नाही, उलट अभिमानानं सांगतात, स्मारकाचा विषयही निघतो. शिराळ्याचा मारुती पण तसाच, समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी, शके १५७६ चा म्हणजे १६५४ चा, आणि त्याबद्दलच्या चमत्काराच्या गोष्टींवरनं कुणी कोर्टात गेलं नाही. गावच्या तीन गोष्टी, तिन्हीत थोडं पोथीतलं थोडं कागदावरचं, आणि कायद्याच्या तावडीत सापडली एकच, कारण तिच्यात जिवंत जनावर आहे.

आता मुद्द्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे, पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, हुसकणं पण शिकारच. म्हणजे श्रावणाच्या आधी रानात जाऊन काठीनं अलगद नाग धरून मडक्यात ठेवणारा शिराळ्याचा पोरगा कायद्याच्या भाषेत शिकारी, आणि पंचमी झाली की ज्या बिळाजवळ धरला तिथंच परत सोडला तरी शिकारी. हे गावाला कधी पटलंच नाही आणि मला विचाराल तर न पटण्यासारखंच आहे, कारण वर्षभर घरात, गोठ्यात नाग निघाला तर काठी न उचलणारी माणसं तिथं आहेत, बाकीच्या तालुक्यांत काय होतं ते आपण सगळे जाणतो. पण दुसरी बाजू पण खोटी नाही. मडक्यात दिवस दिवस अंधारात ठेवलेला नाग नीट खात नाही, दूध त्याला पचत नाही, हळदी-कुंकवानं डोळ्याला त्रास होतो. आणि पुढं पुढं जे वाढलं, नाग मंडळं, कुणाचा फणा उंच, कुणाचा नाग लांब याच्या स्पर्धा, स्पीकर, बाहेरनं येणारे कॅमेरे, ते काय गोरक्षनाथांनी सांगितलेलं नव्हतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीवरची मिरवणूक ट्रॅक्टर आल्यानंतरचीच असणार, याला इतिहासकार लागत नाही. तरी गावाच्या अर्जात सगळं एकत्रच 'प्राचीन परंपरा' म्हणून गेलं, ट्रॉलीसकट. इथंच गावानं स्वतःचा घात करून घेतला असं मला वाटतं. घरातली पूजा वेगळी काढून तेवढीच मागितली असती तर ऐकणाऱ्याला विचार करावा लागला असता.

२००२ मध्ये या प्रकाराविरुद्ध याचिका झाली, मग वर्षानुवर्षं तारखा, अटी, वनखात्याच्या नोटिसा, कधी जरा ढील तर कधी कडक, आणि २०१४ ला हायकोर्टानं नाग पकडणं, मिरवणं, स्पर्धा घेणं बंद केलं. आता कोर्टात परंपरा नुसती आहे म्हणून चालत नाही. ती धर्माचा अत्यावश्यक भाग आहे का हे बघतात, आणि ही कसोटी १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालापासनं आलीय. म्हणजे होतं काय, जी गोष्ट आजी सांगायची, जिला कुणी सन विचारला नव्हता, तिला वकिलाकडं जाऊन सन घ्यावा लागतो, कुठल्या पोथीत आहे ते सांगावं लागतं, आणि त्या पोथीची चिरफाड समोरचा वकील करतो. गोरक्षनाथ नक्की कधी झाले हा प्रश्न आठशे वर्षं शिराळ्यात कुणाला पडला नाही तो कोर्टामुळं पडला. हजार वर्षं हा आकडा जो आज सगळ्यांच्या तोंडात बसलाय तो नाथांपेक्षा या खटल्यानं जास्त घट्ट केला असं माझं सरळ म्हणणं आहे.

त्याच २०१४ ला मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती पण बंद केल्या होत्या, म्हणून आपल्याकडं सारखी तुलना होते की बैलाचं सुटलं मग नागाचं का नाही. बैलाचं असं झालं, बैल हा पाळीव, त्याच्यावर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागतो, त्यात राज्यानं २०१७ ला स्वतःची दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ ला शर्यतीला वाट मिळाली आणि मे २०२३ ला घटनापीठानं ती दुरुस्ती कायम ठेवली. तिथं पण परंपरेचा इतिहास निघालाच, पण ही आपल्या संस्कृतीचा भाग आहे हे विधिमंडळानं म्हटलं आणि कोर्ट म्हणालं ते ठरवणं विधिमंडळाचं काम. नाग पाळीव नाही. त्याला वेगळा कायदा, आणि तो उलट अजून कडक होत गेला, आधी दुसऱ्या अनुसूचीत असलेला नाग २०२२ च्या दुरुस्तीनं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत गेला, वाघाच्या पंगतीला. बैलाला आमदार मिळाले तसे नागाला मिळाले नाहीत असं कट्ट्यावर म्हणतात, ते अर्धंच खरं. मिळाले, पण त्यांच्या हातात चावी नव्हती, ती दिल्लीला होती.

२०२५ ला ती चावी जरा फिरली. केंद्राच्या वनखात्यानं २१ नाग पकडायला परवानगी दिली, तीही पंचमीच्या आसपासच्या मोजक्या दिवसांसाठी, आणि कारण काय तर शिक्षण. पूजा नव्हे. कायद्याच्या बाराव्या कलमात शिक्षण आणि संशोधनासाठी खास परवाना देता येतो, तेवढंच दार उघडं होतं म्हणून तिथनं आत घेतलं. तरुणांना नागाबद्दलचं पारंपरिक ज्ञान द्यायचं, मिरवणूक नाही, स्पर्धा नाही, खेळ नाही. गावात आनंद झाला, पेढे वाटले, आणि प्राणीप्रेमी मंडळींनी हे मागच्या दारानं चाललंय म्हणून ओरड केली. दोघांचं बरोबर आहे, पेढे पण आणि ओरड पण.

पण कागदाकडं बघा जरा. गोष्टीत नाथांनी नाग जिवंत केला तो भक्तीसाठी. खटल्यात तो धर्मासाठी मागितला, आणि परवान्यात तो आलाय शिक्षणासाठी. अजून पन्नास वर्षांनी कुणी पार्श्वभूमी लिहायला बसलं तर त्याच्या हाताला लागेल तो हाच परवाना, सही-शिक्क्यासकट, आणि तो लिहील की शिराळ्यात प्राचीन काळापासून सर्पशिक्षणाची परंपरा होती. त्याला चूक तरी कोण म्हणणार, पुरावा त्याच्याकडं असेल. सध्या तरी मानाच्या पालखीत मातीचाच नाग असतो, आणि पुढच्या पंचमीचा अर्ज परत नव्यानं करावा लागतो.