टीडीएस कापतात, जीएसटी लावतात

ऑगस्टच्या शेवटी भाचीचा फोन आला, आवाज अगदी रडवेला. "मावशी, साठ हजारांचं बिल दिलं होतं, खात्यात चोपन्नच आले. सहा हजार जीएसटी कापला त्यांनी!" ती कळव्याला राहते, इंटिरिअरची कामं स्वतंत्रपणे घेते, घरातल्या जेवणाच्या टेबलावर बसून थ्रीडी ड्रॉइंग काढते. हे बिल वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसच्या कामाचं होतं. पुढचं वाक्य ऐकून मात्र मी हातातलं काम बाजूला ठेवलं. "आता पुढच्या बिलात मीच अठरा टक्के जीएसटी लावते, म्हणजे भरून निघेल."

मी आर्किटेक्ट आहे, ठाण्यात पंधरा वर्षं एकटीने काम करते. नोकरी सोडून नुकतं स्वतःचं काम सुरू केलेल्या मुलामुलींचा हा गोंधळ मी सतत बघते. टीडीएस आणि जीएसटी, दोन्ही तीन-चार अक्षरांचे शब्द, दोन्ही बिलाच्या तळाशी, दोन्ही सरकारकडे जाणारे. म्हणून रविवारी तिला नौपाड्यात घरी बोलावलं आणि बिल समोर ठेवून बसलो.

तिचे 6,000 रुपये टीडीएस म्हणून कापले होते. टीडीएस हा वेगळा कर नव्हेच. तिने वर्षअखेर जो इन्कम टॅक्स भरायचा, त्याचाच हप्ता कंपनीने तिच्या वतीने आधी भरलेला असतो. इंटिरिअर, आर्किटेक्चर, वकिली, डॉक्टरी अशा व्यावसायिक फीवर 10 टक्के कापतात. एका कंपनीकडून वर्षभरात 50,000 रुपयांपर्यंत फी मिळाली तर कापायचा नसतो. 1 एप्रिल 2025 च्या आधी ही मर्यादा 30,000 होती. मर्यादा ओलांडली की मात्र त्या वर्षीच्या सगळ्या रकमेवर कापतात. समजा पहिलं बिल 40,000 चं होतं, काहीच कापलं नाही. दुसरं 20,000 चं दिलं, तर त्यातून 6,000 जाऊ शकतात. असं झालं की माणूस हादरतो, भांडायला उठतो. भांडू नका, हिशोब बरोबर असतो. (कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यात क्रमांक बदललेत. इथला हिशोब 2025-26 चा आहे.)

घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या घराच्या कामासाठी तिला तेवढेच पैसे दिले, तर त्यांना हे 10 टक्के कापायचे नसतात. पैसे पूर्ण येतात. पण ते तिचं उत्पन्नच आहे, रिटर्नमध्ये दाखवायलाच हवं. "कापला नाही म्हणजे टॅक्स नाही" असं ती धरून चालली होती. तेही त्याच दिवशी दुरुस्त केलं.

कापलेले पैसे गेले कुठे? कंपनीने ते तिच्या पॅनवर सरकारकडे भरायचे असतात, सहसा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत. मग तिमाहीचं टीडीएस रिटर्न भरायचं. त्यानंतर ती रक्कम आपल्या 26एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या पत्रकात, दिसते. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीचं रिटर्न 31 ऑक्टोबरपर्यंत असतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये पोर्टल उघडून काही दिसलं नाही तर घाबरायचं कारण नाही. नोव्हेंबर उलटला तरी दिसत नसेल, तर त्यांच्या अकाउंट्सवाल्यांना फोन करायचा. माझ्या बाबतीत एका क्लायंटच्या ऑफिसात पॅनचं एकच अक्षर चुकीचं टाइप झालं होतं. पैसे कापले गेले, भरलेही गेले, पण माझ्या नावावर काही नाही. त्यांनी दुरुस्तीचं रिटर्न भरेपर्यंत मी चार महिने मागे लागले होते. तेव्हापासून प्रत्येक बिलावर पॅन मोठ्या अक्षरात छापते आणि दर तिमाहीला 26एएस ताडून बघते.

भाचीची वर्षाची जमा 9,00,000 च्या आसपास जाईल. तिच्या पेशाला अंदाजे उत्पन्न दाखवायची सोय आहे. म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न दाखवता येते, खर्चाच्या पावत्या सांभाळत बसावं लागत नाही. 4,50,000 उत्पन्नावर नव्या करप्रणालीत तिला काहीच कर लागत नाही. म्हणजे वर्षभर कापलेला सगळा टीडीएस रिटर्न भरल्यावर परत येईल. रिटर्नच भरलं नाही तर मात्र तो तसाच अडकून राहील.

आता जीएसटी. तो आपल्या फीमधून जात नाही, फीच्या वर लागतो आणि क्लायंट देतो. तो आपण गोळा करून सरकारकडे भरायचा. महाराष्ट्रात जो माल विकत नाही, केवळ सेवा देतो, त्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं कायद्याने मना आहे. लावलाच तर ती रक्कम सरकारकडे भरावी लागते आणि दंड किमान 10,000 रुपये. टीडीएसची भरपाई म्हणून अठरा टक्के लावायचा बेत मी तिथल्या तिथे खोडायला लावला तो याचसाठी.

नोंदणी असती तर तिचं बिल कसं दिसलं असतं, ते कागदावर मांडलं. फी 60,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 10,800, एकूण 70,800. टीडीएस फक्त फीवर कापायचा, जीएसटी धरून नाही. सीबीडीटीच्या, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या, 2017 च्या परिपत्रकात हे स्पष्ट आहे, मात्र बिलावर जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवलेला हवा. म्हणजे खात्यात आले असते 64,800, त्यातले 10,800 सरकारचे. तिचे उरले 54,000. "म्हणजे आत्ता आले तेवढेच?" तिने विचारलं. हो, तेवढेच.

मग स्वखुशीने नोंदणी करावी का? कंपन्यांना फरक पडत नाही, त्यांना बहुतेक वेळा त्या 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ती रक्कम त्या स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा करतात. पण भाचीची निम्मी कामं घरांची आहेत. त्या कुटुंबांना क्रेडिट नाही, त्यांच्या खिशातून सरळ अठरा टक्के जास्त जाणार. मी तिला आत्ता नोंदणी करू नकोस असं स्पष्ट सांगितलं.

जीएसटीची खरी झळ मला वेगळ्याच ठिकाणी बसली. बिल दिलं की कर लागू होतो, पैसे आलेले असोत वा नसोत. 2022 मध्ये एका बांधकाम कंपनीला 2,00,000 चं बिल दिलं. त्यांनी पाच महिने पैसे दिले नाहीत, मी मात्र पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला 36,000 स्वतःच्या शिलकीतून भरले. उशीर केला असता तर वर्षाला 18 टक्के दराने व्याज लागलं असतं. मुलाच्या शाळेची फी त्या महिन्यात उशिरा गेली. त्यानंतर मी कामाचे टप्पे पाडायला लागले, टप्प्याचे पैसे आधी घेते, आणि जीएसटीची रक्कम आली त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकते. त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही.

निघताना भाचीने बिलाचा नमुना बदलला. जीएसटीची ओळ काढली, पॅन वर घेतला, आणि फोनमध्ये 26एएस बघायची आठवण 16 नोव्हेंबरला लावली.