बार्शी लाइटच्या वाटेवर : सहलीला निघण्यापूर्वी

पुण्याहून एका दिवसाची रेल्वे सहल म्हटली की बहुतेकांना माथेरान आठवतं. आमची ही सहल कुर्डुवाडी, बार्शी आणि येडशीची आहे, म्हणजे अरुंद रुळांवरून धावणाऱ्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवरची. नावनोंदणी करताना प्रत्येक जण विचारतो, "ती छोटी गाडी अजून धावते का?" नाही धावत. २००० नंतर टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला. मग बघायचं काय, ते या पत्रकात सांगतो.

बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुंबई-मद्रास मार्ग तिला बाजूला ठेवून गेला. मुख्य मार्गावरचं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथपर्यंत माल बैलगाडीनं न्यावा लागे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये ही दोन गावं छोट्या रेल्वेनं जोडली. रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, अवघं अडीच फूट.

त्याची खरी करामत वजनाच्या हिशेबात आहे. हलका रूळ स्वस्त पडतो, पण जड इंजिनाखाली टिकत नाही. म्हणून त्यानं नियमच घातला : इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, ५ टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटलं, डबे बोगीवर, म्हणजे डब्याखाली वळणाऱ्या चाकांच्या गाड्यावर, बसवले आणि दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाच्या हलक्या रुळावरून भरगच्च गाड्या चालवल्या. या गाडीला कुणी 'खेळण्यातली' म्हटलं की आम्हाला वाईट वाटतं ते यासाठी. कमी पैशांत दुष्काळी मुलखाला रेल्वे मिळाली ती या हिशेबामुळे.

पुढे १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि वारकऱ्यांची झाली. १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १९५४ मध्ये सरकारनं ती ताब्यात घेतली. गेज वेगळा असल्यामुळे कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं एका वाघिणीतून दुसरीत चढवावं लागे. हमालांच्या कित्येक पिढ्या त्यावर जगल्या.

कुर्डुवाडीला उतरल्यावर आम्ही आधी हा गेजचा फरक फूटपट्टी लावून दाखवतो, मग गाडीनं बार्शीला जातो. तिथे भगवंत मंदिरात दर्शन, जेवायला ज्वारीची भाकरी. दुपारी येडशीजवळ बालाघाटाचे डोंगर.

टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. एप्रिल-मे महिन्यांत ही सहल नसते. घरात कुणी बार्शी लाइटनं प्रवास केलेला असेल, तर त्यांना आवर्जून सोबत आणा. त्यांच्याकडून आम्ही पैसे घेत नाही.