दुखत नसलेल्या सांध्यातला लाल ठिपका

सांध्यावर सोनोग्राफी पहिल्यांदा आली ती एका साध्या कामासाठी. पोटरी सुजलीय, तर गुडघ्यामागे पाण्याची गाठ आहे की शिरेत रक्ताची गुठळी, एवढं ओळखायचं होतं. हे १९७२ च्या आसपासचं. १९७८ पर्यंत आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसच्या, गुडघ्यातलं सांध्याचं जाड झालेलं आतलं अस्तर टिपलं गेलं आणि दहाएक वर्षांनी हाताची बोटंही तपासली जाऊ लागली. मात्र बोटांच्या सांध्यातलं बारीकसारीक स्वच्छ दिसायला उच्च वारंवारितेचे प्रोब, म्हणजे त्वचेवर टेकवायचे सोनोग्राफीचे दांडे, यावे लागले.

आमवातात हाडाचं जे नुकसान होतं, ते सांगताना मराठीत एक शब्द वाट अडवतो, तो म्हणजे ‘झीज’. झीज म्हटली की उतारवयात विरत जाणारी कूर्चा आठवते. आमवातात सुजलेलं अस्तरच हाडाच्या कडेला कुरतडत आत शिरतं आणि तिथे खड्डा पडतो. तरण्याताठ्या माणसाच्या हाडालाही तो पडतो. म्हणून इथे खड्डा हाच शब्द वापरतो.

खरी कलाटणी २००० साली मिळाली. आमवाताच्या शंभर रुग्णांच्या बोटांचे सांधे दोन्ही पद्धतींनी तपासले गेले. एक्स-रेवर १७ जणांत मिळून ३२ खड्डे दिसले, सोनोग्राफीत ५६ जणांत १२७. आजार नवा असताना ही तफावत आणखी मोठी होती, आणि उपचारांचा सर्वाधिक उपयोग तेव्हाच होतो. अर्थात हाडावरची नैसर्गिक खाचही खड्ड्यासारखी दिसू शकते. म्हणून २००५ मध्ये व्याख्या पक्की झाली: एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन्ही छेदांत हाडाची पांढरी रेघ तुटलेली दिसली, तरच तो खड्डा.

खड्डा म्हणजे झालेलं नुकसान. होऊ घातलेलं नुकसान दाखवतो पॉवर डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीतच रक्तप्रवाह रंगाने दाखवणारी पद्धत. अस्तरात नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या पडद्यावर लाल-केशरी ठिपक्यांसारख्या चमकतात. त्यांना शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. निम्म्याहून अधिक अस्तर रंगलं तर तीन. हे पाहायला हात हलका लागतो. प्रोब जरा दाबला की बारीक वाहिन्या चेपतात आणि पेटलेला सांधा थंड दिसतो. जेलचा जाड थर सोडून प्रोब जवळपास तरंगत ठेवावा लागतो.

वादाची ठिणगी याच ठिपक्यांनी टाकली. डॉक्टरांच्या मते आजार शमलेला, सांधा दुखत नाही, सुजही नाही, तरी ठिपके दिसतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अशा शांत सांध्यांपैकी ज्यांत ठिपके होते त्यांचंच वर्षभरात बिघडण्याचं प्रमाण कैक पटींनी जास्त निघालं. मग ठिपका विझेपर्यंत औषध वाढवायचं का?

स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या दोन चाचण्यांनी हेच करून पाहिलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेच्या चाचणीत २३८ रुग्ण होते. दोन वर्षं एका गटाचे उपचार सोनोग्राफी पाहून ठरले, दुसऱ्याचे नेहमीच्या तपासणीवर. आजार शमलेला, एकही सांधा सुजलेला नाही आणि एक्स-रेवर नवं नुकसान नाही, या तिन्ही अटी पहिल्या गटात २२ टक्क्यांनी पूर्ण केल्या, दुसऱ्यात १९ टक्क्यांनी. हा फरक नगण्य, आणि सोनोग्राफीच्या गटाला औषधं मात्र जास्त गेली.

‘सोनोग्राफी हरली’ असा अर्थ अनेकांनी काढला. मला तो घाईचा वाटतो. या चाचणीत दोन्ही गटांना वारंवार बोलावून प्रत्येक सांधा हाताने चाचपला जात होता. जिथे नजर इतकी बारीक असते, तिथे यंत्राला भर घालायला जागा कमी उरते. प्रत्येक भेटीत प्रत्येकाची सोनोग्राफी नको, एवढं त्यातून नक्की ठरतं. पण रुग्ण म्हणतो दुखतंय आणि डॉक्टरांच्या बोटांना काही लागत नाही, किंवा औषध कमी करायचा विचार चाललाय, अशा वेळचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो त्या चाचण्यांनी विचारलाच नव्हता.

२०१७ मध्ये अस्तराची जाडी आणि ठिपके मिळून एकच श्रेणी देण्याची पद्धत ठरली. त्यामुळे दोन ठिकाणची निरीक्षणं आता शेजारी ठेवून पाहता येतात. प्रोब धरणारा हात मात्र दोन्हीकडे हलकाच हवा.