धूळ वेगळी, धूर वेगळा: पीएम १० आणि पीएम २.५

शेजारच्या सोसायटीचं पुनर्विकासाचं काम सुरू झाल्यापासून सकाळी उठून खिडकीची कड पुसायची, हे आमच्या घरातलं पहिलं काम झालंय. ओल्या फडक्यावर करडी, बोटांना खरखरीत लागणारी माती येते. स्वयंपाकघराची खिडकी मात्र मागच्या सिग्नलकडे उघडते. तिच्या जाळीवरचा थर काळा आणि चिकट, नुसत्या पाण्याने निघत नाही, साबणच लागतो. मुंबईच्या हवेबद्दल बोलताना आपण या दोन्हींना सरसकट ‘प्रदूषण’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो.

पीएम म्हणजे ‘पार्टिक्युलेट मॅटर’, हवेत तरंगणारे कण. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. पीएम १०च्या आकड्यात पीएम २.५ आधीच धरलेलं असतं, त्यामुळे दोन्हींची बेरीज करायची नसते. खरा फरक जन्माचा आहे. फोडलं, दळलं, उडवलं की जाडे कण होतात: पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, सिमेंट, डंपरच्या चाकांना लागलेली माती. बारीक कण बहुतेक जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. आणि काही कण तर धुराड्यातून कण म्हणून बाहेर पडतच नाहीत. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि अमोनिया हे वायू हवेतच एकमेकांशी जुळून त्यांचे कण बनतात. अशा कणाला बांधकामाभोवती लावलेली पत्र्याची भिंत कशी अडवणार?

जाडी धूळ काही तासांत खाली बसते. ती नाकात, घशात अडकते, खोकला आणते, दम्याच्या माणसाला हैराण करते. बारीक कण हवेत दिवसचे दिवस तरंगतात, शेकडो किलोमीटर जातात. श्वासाबरोबर ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, त्यातले सर्वांत लहान रक्तातही उतरतात. हृदयविकार आणि पक्षाघाताशी त्यांचा संबंध आहे तो यामुळे. तोंडावर बांधलेला रुमाल धुळीला थोडाफार अडवतो, बारीक कणांसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५च हवा.

हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाने, म्हणजे रोजच्या ‘एक्यूआय’च्या आकड्याने, गोंधळ आणखी वाढतो. अनेक प्रदूषकांपैकी ज्याची स्थिती सर्वांत वाईट, त्याचाच आकडा त्या दिवसाचा निर्देशांक ठरतो. निर्देशांक २०० म्हणजे घनमीटरमागे पीएम १० २५० मायक्रोग्रॅम असेल, किंवा पीएम २.५ ९० मायक्रोग्रॅम असेल. आकडा तोच, हवा निराळी. म्हणून आकड्यासोबत ‘प्रमुख प्रदूषक’ काय लिहिलंय ते बघायलाच हवं.

या शहराने आधी लढा दिला तो धुराशी. गिरण्यांच्या चिमण्यांमुळे १९१२ सालीच इथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि तो धूर गेला, पण चेंबूर-माहुलच्या लोकांच्या वाट्याला रिफायनऱ्या आणि कारखान्यांची हवा आली. १९९९ मध्ये धुराने त्रासलेले रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्या खटल्यातून जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळावं लागलं. इंधनही हळूहळू स्वच्छ होत गेलं. एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे वाहनांच्या धुराचं आणि इंधनाचं कडक मानक आलं आणि डिझेलमधलं गंधक दहा लाखात १० भागांवर उतरलं. मला विचाराल तर मुंबईच्या फुप्फुसांसाठी एवढं मोलाचं काम क्वचितच झालं असेल, आणि ते डोळ्यांना दिसलं नाही म्हणून कुणी त्याचं कौतुकही केलं नाही.

पीएम २.५साठी देशात मर्यादा ठरली तीच मुळी २००९ मध्ये: घनमीटरमागे वर्षाची सरासरी ४० मायक्रोग्रॅम, दिवसाची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वर्षासाठी ५ हाच आकडा सुचवला. २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला, पण शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १०वर मोजली गेली. जे मोजलं जातं त्यावरच पैसा जातो. देशभर या कार्यक्रमाच्या निधीतला मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला. ऑक्टोबर २०२३ मधले मुंबई महापालिकेचे नियमही मुख्यतः धुळीचेच होते: बांधकामाभोवती किमान २५ फूट, उंच इमारतींभोवती ३५ फूट पत्रे, ओलं हिरवं कापड, पाण्याचे फवारे. ते नियम गरजेचे आहेतच, माझ्या खिडकीला त्यांचा फरक कळतो. पण टँकरने रस्ता धुतला म्हणून मागच्या सिग्नलवरच्या डिझेलचा धूर कमी होत नाही.

म्हणूनच जानेवारी २०२५ मधला उच्च न्यायालयाचा बेकऱ्यांबाबतचा आदेश मला महत्त्वाचा वाटतो. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा स्वच्छ इंधनावर न्या, असं न्यायालयाने सांगितलं. या भट्ट्यांत बऱ्याचदा भंगारातली लाकडं जातात, रंग-वार्निश लागलेली जुनी दारं-खिडक्यासुद्धा. पहाटेचा पाव आपल्या सगळ्यांच्या घरात येतो, तेव्हा छोट्या बेकरीवाल्याला भट्टी बदलायला मदत मिळायलाच हवी. खर्च त्याच्या एकट्याच्या माथी मारणं बरोबर नाही.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना दमा आहे. पूर्वी त्या मला विचारायच्या, “आज आकडा किती रे?” आता विचारतात, “आज धूळ आहे की धूर?” धूळ म्हटलं तर रस्त्यावर न जाता बागेच्या आतल्या बाजूने दोन फेऱ्या मारतात. धूर म्हटलं की चपला परत रॅकमध्ये ठेवतात.