ईमच्या चर्चला जायच्या आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्टच्या ट्रिपचं बुकिंग केल्याबद्दल थँक्यू. बसमध्ये मी माईकवर सगळं सांगतोच पण मागच्या सीटवर कायम भेंड्या चालू असतात आणि अर्ध्या लोकांना काही ऐकू जात नाही, म्हणून यावेळी कागदावर छापूनच देतोय. चॅट्सवर्थच्या महालाबद्दल तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. ईमचं तसं नाही, प्लेगच्या साथीत स्वतःला बंद करून घेतलेलं हे गाव.

आधी नाव. स्पेलिंग बघून सगळे 'एयाम' म्हणतात, गावातले लोक 'ईम' म्हणतात. डर्बीशरमधलं डोंगराळ भागातलं छोटं गाव, आणि मधोमध सेंट लॉरेन्सचं चर्च. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, आणि पॅरिश चर्च म्हणजे नुसतं प्रार्थनेचं ठिकाण नाही हं, इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवायचा हुकूम होता, म्हणजे आपल्याकडे देऊळ आणि ग्रामपंचायतीचं दप्तर एकाच खोलीत असावं तसं. ईमची गोष्ट आज आपल्याला नावानिशी कळते ती त्या वहीमुळे.

आत शिरायची घाई करू नका. आवारात दगडी क्रॉस आहे तो आधी बघा. आठव्या शतकातला आहे, म्हणजे आपल्या ज्ञानेश्वरांच्याही पाचेकशे वर्षं आधीचा, इमारत त्याच्यापुढे पोरगीच. खांबावर वेलबुट्टी कोरलीय, वरच्या बाजूला देवदूत आहेत, आणि मधला एक तुकडा गायब असल्यामुळे अख्खा क्रॉस मान खांद्यात घुसल्यासारखा बुटका दिसतो. मग दक्षिणेकडच्या भिंतीवर वर बघा, १७७५ ची सूर्यघडी आहे, साधीसुधी नाही, जगातल्या लांबलांबच्या ठिकाणच्या वेळासुद्धा त्यात काढता येतात. अर्थात ऊन असेल तर, आणि डर्बीशरमध्ये त्याची गॅरंटी आम्ही घेत नाही.

आता प्लेग. १६६५ साली लंडनमध्ये साथ होती, तिथून गावातल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, दमट होता म्हणून मदतनीस जॉर्ज व्हिकर्सने तो चुलीपाशी वाळत घातला आणि त्यातल्या पिसवांनी काम केलं असं सांगतात. ७ सप्टेंबरला त्याच्या दफनाची नोंद आहे. पुढे चौदा महिन्यांत २६० माणसं गेली. गावात मुळात माणसं किती होती यावर अजून वाद आहे, कोणी ३५० म्हणतं कोणी ८००, काहीही धरलं तरी हिशोब वाईटच.

तेव्हाचा पाद्री विल्यम मॉम्पेसन, वय अठ्ठावीसच्या आसपास, गावात नवा, लोकांचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. जुना पाद्री थॉमस स्टॅन्ली सरकारी प्रार्थनापुस्तक मानायला नकार दिला म्हणून पदावरून गेलेला, पण गावाचं मन त्याच्याकडेच. दोघांची मतं पूर्ण विरुद्ध, तरी १६६६ च्या जूनमध्ये दोघं एकत्र उभे राहिले आणि गावाला सांगितलं की कोणी बाहेर जायचं नाही, शेजारच्या गावांना रोग द्यायचा नाही. आपल्याकडे प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, इथे बरोबर उलटं. चॅट्सवर्थच्या सरदारानं अन्नधान्य पाठवायचं कबूल केलं, सामान शिवेवर ठेवायचं, गावकऱ्यांनी पैसे, रोग लागू नये म्हणून, दगडाच्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात टाकायचे. तो दगड अजून आहे, भोकं झिजून गुळगुळीत झालीत, बोट घातलं तर आरामात फिरतं. येणारे लोक त्यात नाणी टाकून जातात, व्हिनेगर मात्र कोणी आणत नाही!

एक गोष्ट आम्हाला खटकते ती सांगतोच. मॉम्पेसनने स्वतःची मुलं गाव बंद व्हायच्या आधी बाहेर पाठवली होती. सगळ्यांना ते जमलं नसतं. पण तो स्वतः राहिला, बायको कॅथरीनही हट्टाने राहिली, आणि २५ ऑगस्ट १६६६ ला तीच गेली.

आणि मला मुख्य सांगायचंय ते हे, की या चर्चचा जो काळ जगभर गाजला त्या काळात चर्च बंद होतं. गर्दीत रोग पसरतो म्हणून मॉम्पेसनने दाराला कुलूप लावलं आणि प्रार्थना गावाशेजारच्या कक्लेट डेल्फ नावाच्या घळीत उघड्यावर, घराघराने अंतर ठेवून. आवारात पुरणंही बंद, ज्याने त्याने आपली माणसं आपल्या परसात नाहीतर शेतात पुरायची. त्यामुळे आवारात प्लेगच्या कबरी शोधत फिरू नका, मागच्या ट्रिपला एक काका अर्धा तास फिरले आणि वैतागून बसमध्ये येऊन बसले. कॅथरीनची मात्र तिथे आहे, जुन्या क्रॉसजवळच. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गाव अजूनही घळीत जमून प्रार्थना करतं, आणि त्याच सुमारास विहिरी सजवतात, ओल्या मातीवर पाकळ्या दाबून चित्र काढतात, आपल्या फुलांच्या रांगोळीची चुलत बहीण म्हणा. त्या तारखा हव्या असतील तर आधी सांगा, सीट लगेच भरतात.

आत गेल्यावर प्लेगच्या कथेची रंगीत काचेची खिडकी बघा (अलीकडची आहे, १९८५ ची) आणि खांबांच्या वरच्या भिंतीवरची जुनी चित्रं. चालू प्रार्थनेत फोटो नको, आणि दानपेटीत काहीतरी टाका, एवढं जुनं छप्पर सांभाळायला पैसे लागतातच.

ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी गावाबाहेर चढावर रायलीच्या कबरी बघायला माझ्याबरोबर या. एलिझाबेथ हॅन्कॉक नावाच्या बाईने १६६६ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने तिथे पुरली, मदतीला कोणी येईना. दगडी कुंपणाच्या आत तेवढेच दगड आहेत, भोवती मेंढ्या चरत असतात. रस्ता ओला असतो, चपला घालून येऊ नका. बाकीच्यांनी चर्चच्या बाकावर डबा खाऊन घ्या, बस बरोबर चार वाजता सुटेल.