संपादनवाद आणि नवखे संपादक (कोकणविषयक नोंदी)

संपादनवाद : मुक्त सहयोगी विश्वकोशातील एखाद्या नोंदीत काय असावे आणि काय नसावे यावरून संपादकांत होणारा झगडा. एकाने केलेला बदल दुसरा पूर्वपदास नेतो, पहिला तो पुन्हा घालतो, आणि नोंदीच्या इतिहासात त्याच दोन आवृत्त्या आलटूनपालटून दिसू लागतात. दोघेही मुरलेले असले तर प्रकरण बहुधा नोंदीला जोडलेल्या चर्चा पानावर जाते. एक जण नवखा असला तर तो तिथवर पोचतच नाही, कारण असे काही पान असते हेच त्याला ठाऊक नसते. मराठी विकिपीडियावरील कोकणपट्टीच्या नोंदी, म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची गावे, किल्ले, देवस्थाने आणि माणसे, हे अशा वादांचे सुपीक रान आहे. नवख्याला गाव माहीत असते, नियम माहीत नसतो. जुन्याला नियम पाठ असतात, पण गाव नकाशावरच पाहिलेले असते. बहुतेक वादांचे मूळ इथे आहे.

मराठीत कोशरचनेची परंपरा जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांचा. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईहून निघू लागलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. तिथे मतभेद झाले नसतील असे नाही, पण ते संपादकाच्या टेबलावर मिटत आणि वाचकाच्या हाती फक्त निकाल पडे. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी. तिथे ते टेबलच नाही. भांडण वाचकाच्या डोळ्यांदेखत चालते, आणि वाचकालाही त्यात उतरता येते.

नवखा येतो कसा

कोकणातल्या कितीतरी लहान गावांच्या नोंदी दोन-चार ओळींच्या आहेत: तालुका, जिल्हा आणि २०११ च्या जनगणनेतले आकडे. गणपतीला गावी आलेला एखादा चाकरमानी रात्री आरतीनंतर मोबाइलवर गावाचे नाव शोधतो, ही नोंद पाहतो आणि हळहळतो. एवढ्या मोठ्या गावाला एवढ्याच ओळी? मग तो ग्रामदैवताचे नाव घालतो, जत्रेची तिथी घालतो, विद्यमान सरपंचांचे नाव घालतो आणि जाता जाता चुलतभावाच्या होमस्टेचा फोन नंबरही टाकतो. सकाळी उठून बघतो तर सगळे गायब.

या चार गोष्टी चार जातींच्या आहेत. फोन नंबर ही जाहिरात, ती जायलाच हवी. सरपंच पाच वर्षांनी बदलतात, नोंद बदलायला मात्र कोणी येत नाही. ग्रामदैवत आणि जत्रा मात्र नोंदीत असायलाच हवी होती, फक्त जोडीला संदर्भ हवा होता. अलीकडील बदलांवर नजर ठेवणाऱ्याच्या हातात द्रुतमाघारीची, म्हणजे एखाद्याचे बदल एकदम मागे घेण्याची कळ असते आणि ती चारही गोष्टी एका झटक्यात पुसते. ही सोय उत्पात आवरण्यासाठी आहे. सद्भावनेने केलेल्या कच्च्या कामावर ती चालवणे हे गवताबरोबर लावणीची रोपेही उपटण्यासारखे आहे, आणि ते सर्रास होते. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ च्या सुमारास शिखरावर जाऊन पुढे घसरली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्या घसरणीचा संबंध नेमका याच्याशी जोडला: नवख्यांचे चांगल्या हेतूने केलेले बदलही जास्त प्रमाणात पुसले जाऊ लागले, आणि इशारे देण्याचे काम माणसाऐवजी अर्धस्वयंचलित साधनांकडे गेले. नवागतांना चावू नका, हा संकेत त्या विश्वकोशावर या अभ्यासाच्या कितीतरी आधीपासून होता.

मराठीत यात आणखी एक अडचण होती. खाते न उघडता मोबाइलवरून लिहिणाऱ्याची ओळख अनेक वर्षे अंकपत्त्यानेच (आयपी अ‍ॅड्रेस) होत असे, आणि मोबाइल जाळ्यावर तो पत्ता बदलत राहतो. ‘कृपया संदर्भ द्या’ असा नम्र निरोप त्या अंकपत्त्याच्या चर्चा पानावर ठेवला, तरी ज्याला द्यायचा त्याच्यापर्यंत तो पोचत नसे. नवखा तेच वाक्य पुन्हा घाली, आणि जुना समजे की हा मुद्दाम हट्ट करतो आहे.

गाव, जन्मगाव आणि जिल्हा

कोकणात ‘तुमचं गाव कोणतं?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जन्मस्थळ नव्हे. विचारलेले असते मूळ गाव, जिथे कुळाचा देव आणि घराचा उंबरा आहे ते. मुंबईत जन्मलेला, गिरगावात वाढलेला माणूसही बेलाशक राजापूर सांगतो. नोंदीच्या कडेला असणाऱ्या माहितीचौकटीत मात्र ‘जन्मस्थान’ असा रकाना असतो, आणि तिथे ही दोन गावे एकमेकांवर आदळतात. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. त्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले महूला, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. महर्षी धोंडो केशव कर्वे मुरूडचे, पण जन्मले खेड तालुक्यातील शेरवलीला. त्या त्या गावचा तरुण जन्मस्थानाच्या रकान्यात आपले गाव घालतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. चुकीच्या रकान्यात खरे लिहीत असतो. त्याचा बदल नुसता पुसला तर वाद पेटतो. ‘मूळ गाव’ असे वेगळे वाक्य मजकुरात घालून दिले तर तो बहुधा तिथेच थांबतो. गावच्या नोंदीतही त्या माणसाचा उल्लेख येऊ शकतो, हे त्याला कुणीतरी सांगावे लागते, एवढेच.

कर्व्यांचे मुरूड दापोलीचे; जंजिऱ्याजवळचे मुरूड रायगड जिल्ह्यातले. दोन्हीकडे समुद्रकिनारा, दोन्हीकडे पर्यटक. एकाची माहिती दुसऱ्याच्या नोंदीत शिरली की दोन्ही गावचे लोक चिडतात, आणि रास्तच चिडतात. त्यावर सारख्या नावांच्या नोंदी वेगळ्या करून दाखवणारे निःसंदिग्धीकरण पान हा उपाय आहे आणि तो पाच मिनिटांत होतो.

जिल्ह्यांचा घोळ याहून चिवट, कारण त्यात दोन्ही बाजूंकडे छापील पुरावा असतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, कुलाब्याचे रायगड हे नामांतरही त्याच वर्षीचे, आणि पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून निघाला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरचा खंड १८८० चा. त्यात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात असणारच. तो खंड नेमाने वाचलेला जुना संपादक मालवणच्या पोराचा ‘सिंधुदुर्ग’ पुसून ‘रत्नागिरी’ घालू लागला, तर संदर्भ त्याच्याकडे आणि बरोबर मात्र पोरगा, अशी गंमत होते. संदर्भाला त्याचा काळ असतो, ही गोष्ट जुन्यांनाही सांगावी लागते.

लेखनाचे वाद बहुधा क्षुल्लक असतात, पण वेळ खातात: हर्णै की हर्णे, वेंगुर्ला की वेंगुर्ले. एक नाव मथळ्याला ठेवायचे, दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन द्यायचे, पहिल्या ओळीत दोन्ही लिहायची. ‘गाऱ्हाणे’, ‘जंजिऱ्याचा’ अशा शब्दांतला अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, नोंदीच्या दोन आवृत्त्यांच्या तुलनेत मात्र शब्द बदललेला दिसतो. कुणीतरी ‘काहीच न बदलता बदल केला’ म्हणून नवख्यावर ओरडण्यापूर्वी हे आठवावे.

मालवणीचा प्रश्न मात्र क्षुल्लक नाही. ती मराठीची बोली की कोकणीची? भाषाभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा पाहणीच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणीच मराठीच्या पोटात घातली. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली, आणि जनगणना मालवणीला कोकणीखाली मोजते. सिंधुदुर्गात मालवणी बोलणारे कितीतरी जण स्वतःची भाषा मराठीच सांगतात. विश्वकोशाने इथे निवाडा करायचा नसतो. कोण काय मानते, ते नावानिशी आणि सालानिशी लिहायचे असते. चर्चा पानावर नवखा ‘ह्या कोणी काढल्यान?’ असे विचारतो तेव्हा ‘प्रमाण मराठीत लिहा’ हे त्याला मिळालेले पहिले उत्तर असू नये.

तोंडी माहितीचा पेच

खरा अवघड प्रश्न संदर्भाचा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील जांभ्या सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची कातळशिल्पे हे त्याचे उत्तम उदाहरण. उक्षी, जांभरुण, काशेळी, देवीहसोळ, बारसू, कुडोपी अशा ठिकाणची शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. पण ज्यांची गुरे त्या सड्यावर चरतात त्यांना आकृत्या कधीच्या ठाऊक असतात. त्यांना गावात नावे असतात, गोष्टी असतात. अशा गावातला कुणी उठून ‘आमच्या सड्यावरही चित्रे आहेत’ असे नोंदीत लिहितो, छायाचित्रही जोडतो. जुना संपादक ते काढतो: कुठे प्रसिद्ध झालेले नाही, म्हणजे मूळ संशोधन, आणि विश्वकोशात मूळ संशोधन चालत नाही.

नियम बरोबर आहे. तो नसता तर प्रत्येक गावात पांडव राहून गेले असते आणि प्रत्येक विहिरीतून किल्ल्यापर्यंत भुयार निघाले असते. पण त्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ज्याने सडा पाहिलेला नाही असा कुणी, पायाखालच्या दगडाला पुरावा मागतो आहे. ही तक्रार कोकणापुरती नाही. २०११ मध्ये मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत तोंडी मुलाखती नोंदवून त्या संदर्भ म्हणून वापरता येतील का, याचा प्रयोग विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानच्या आधाराने झाला. सर्वमान्य नियम मात्र त्यातून निघाला नाही. तोवर व्यवहारात चालतात ते मार्ग साधे आहेत. छायाचित्र विकिमीडिया कॉमन्स या सामाईक चित्रसंग्रहात ठेवता येते, ते कुणी ‘मूळ संशोधन’ म्हणून काढत नाही. स्थानिक अभ्यासकांना आणि पुरातत्त्व खात्याला कळवता येते. त्यांचे काही छापून आले की नोंदीत वाक्य येते. दंतकथा ही दंतकथा म्हणूनच लिहायची, आणि तिलाही छापील आधार शोधायचा. शिल्पांच्या काळाबद्दल अभ्यासकांचेच अंदाज एकमेकांपासून फार दूर असल्याने ‘दहा हजार वर्षांपूर्वीची’ असे ठाम विधान नवख्याने केले काय किंवा जुन्याने केले काय, दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो: कोण म्हणते?

शिमग्यातील पालखीचे मानपान हा यातला सर्वांत नाजूक भाग. पहिला मान कोणत्या घराण्याचा, पालखी आधी कोणत्या वाडीत जाते, यावर गावात पिढ्यान्‌पिढ्या तंटे असतात. एक बाजू नोंदीत आपले आडनाव घालते आणि ‘विकिपीडियावर आहे’ म्हणून गावकीत दाखवते. दुसऱ्या वाडीतले पाच-सहा जण नवी खाती उघडून ते पुसतात. यांना नवखे संपादक म्हणून समजावत बसण्यात अर्थ नाही. हा गावचा तंटा आहे, तो नोंदीत आला आहे इतकेच. घराण्यांची नावे काढून टाकावीत, उत्सवाचे वर्णन ठेवावे, आणि पान काही दिवस अर्धसुरक्षित करावे, म्हणजे नव्या खात्यांना ते बदलता येत नाही.

मिटवण्याची रीत

ठरलेली रीत छोटी आहे: धीटपणे बदला, कुणी उलटवला तर पुन्हा घालू नका, चर्चा पानावर या. इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा बदल उलटवले तर प्रतिबंध लागू शकतो. तिथे त्रयस्थाचे मत मागण्याची सोय आहे, आणि डिसेंबर २००३ मध्ये विकिपीडियाचे सहसंस्थापक जिम्मी वेल्स यांनी जाहीर केलेली लवाद समितीही आहे. मराठीत अशा पायऱ्या फारशा नाहीत. प्रचालक, म्हणजे प्रतिबंध घालण्याचे अधिकार असलेले सदस्य, बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे वाद एक तर चर्चा पानावर मिटतो किंवा थेट चावडीवर जातो. चावडी हे मराठी विकिपीडियाच्या सामाईक चर्चापानाचे नाव फार नेमके आहे, पण त्यातून एक गैरसमजही होतो. सहमती म्हणजे गाऱ्हाण्यातले ‘व्हय महाराजा’ नव्हे. दहा जण होय म्हणाले म्हणून संदर्भ नसलेले वाक्य राहत नाही, आणि एकट्याकडे पुरावा असला तर तो दहांना पुरतो.

जुन्याने आधी काय करावे यावर बरेच अवलंबून असते. तयार इशाऱ्याचा साचा चिकटवण्यापेक्षा दोन ओळी स्वतः लिहिलेल्या बऱ्या: ‘नमस्कार. जत्रेची माहिती चांगली आहे, ती ठेवू. कुठे छापून आली असेल तर सांगा, जुने वर्तमानपत्र किंवा गॅझेटियरही चालेल. फोन नंबर मात्र काढला आहे.’ संपादन सारांशात ‘वि.प्र.वि.’ असली आद्याक्षरे लिहिली तर ती नवख्याला शिवीसारखी वाटतात. धूळपाटीचा, म्हणजे सरावाच्या पानाचा, रस्ता दाखवता येतो. देवस्थानाच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा उतरवलेला मजकूर प्रताधिकारामुळे ठेवता येत नाही, हे मात्र लगेच आणि स्पष्ट सांगावे. तिथे गोडीगुलाबीने दिवस घालवण्याची मुभा नाही. नवखाही शिवीगाळीवर उतरला तर नवखेपणाची सवलत संपते. २०२१ पासून सर्व विकिमीडिया प्रकल्पांना लागू असलेली सार्वत्रिक आचारसंहिता जुन्या-नव्यात भेद करत नाही. पहिला प्रतिबंध बहुधा थोड्या काळाचा असतो, आणि त्या काळातही सदस्याला सहसा स्वतःच्या चर्चा पानावर लिहून दाद मागता येते.

मिटलेली चर्चा पुसत नाहीत. लांबली तर जुन्या चर्चांच्या पानावर हलवतात आणि वर दुवा ठेवतात. पुढच्या गणपतीत दुसरा कुणी तोच होमस्टे, तेच जन्मस्थान किंवा तोच जिल्हा घेऊन येतो, तेव्हा त्याला तो दुवा द्यायचा असतो.