नावे ठेवणे आणि पारख

नावे ठेवणे आणि पारख : दुसऱ्याच्या वागण्याविषयी मत बनवण्याच्या दोन रीती. पारख करणारा समोरच्याची कृती आणि तिच्यामागची परिस्थिती पाहून स्वतः कसे वागायचे ते ठरवतो. नावे ठेवणारा त्याच कृतीवरून माणसाची लायकी ठरवून मोकळा होतो. हल्लीच्या बोलण्यात दोन्हींना सरसकट ‘जज करणे’ म्हणतात, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जुने शब्द याबाबतीत जास्त नेमके आहेत. कोणी खोटे बोलला, ही घटना झाली. त्याला ‘खोटारडा’ म्हटले की त्याला नाव ठेवले. क्रियापदाचे नाव झाले की त्यातला काळ गळून पडतो. ‘बोलला’ हे काल घडले. खोटारडा मात्र परवाही होता आणि उद्याही राहणार. ‘पारख’ हा शब्द ‘परीक्षा’वरून आला. सोने पारखणारा कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतो, उमटलेली रेघ माहीत असलेल्या कसाच्या रेघेशेजारी ठेवून पाहतो आणि वर आम्लाचा थेंब टाकून कोणती रेघ कितपत टिकते ते बघतो. कस कमी निघाला म्हणून तो सोन्यावर चिडत नाही, त्याप्रमाणे भाव लावतो. ‘तारतम्य’ हा शब्द तर ‘लघुतर, लघुतम’मधल्या ‘तर’ आणि ‘तम’ या प्रत्ययांपासूनच बनला आहे. कमी-अधिकाच्या पायऱ्या ज्याला दिसतात त्याला तारतम्य असते. ठेवलेल्या नावाला अशा पायऱ्या नसतात. ‘विवेक’ म्हणजे मुळात वेगळे करणे. दुधातून पाणी निवडणाऱ्या हंसाची कविकल्पना त्याच अर्थाची.

समजा, एकाने मित्राकडून हातउसने पैसे घेतले, परत केले नाहीत, तरी पुन्हा मागायला आला. ‘दोनदा दिले, दोन्ही वेळा परत आले नाहीत. नोकरी गेल्यापासून त्याची ओढाताण चालली आहे. आता उसने म्हणून देणार नाही. जमेल तेवढी मदत म्हणून देईन,’ ही पारख. ‘बुडव्या आहे तो, त्याच्या घरातले सगळे तसलेच,’ हे नावे ठेवणे. पहिल्या बोलण्यात मोजणी आहे, कारण आहे, आणि शेवट ‘मी काय करीन’ यावर होतो. दुसऱ्यात पूर्ण घराणे ओढले गेले आहे. त्या मित्राने उद्या पैसे आणून दिले तर पहिले मत बदलेल. दुसऱ्याकडे उत्तर तयार असते : ‘गळ्याशी आले म्हणून दिले.’ आणखी एक खूण बोलण्याच्या जागेची. पहिले वाक्य थोडे अवघडून का होईना, त्याच्या तोंडावर बोलता येते. दुसरे बहुधा तिसऱ्याच्याच कानात जाते.

फरक मवाळपणाचा आहे, असे अनेकांना वाटते. ते चूक आहे. पारख चांगलीच कठोर असू शकते, आणि नाव गोडही असू शकते. ‘देवमाणूस’ हेही ठेवलेले नावच. ते एकदा चिकटले की हिशेब तपासायचे राहून जातात आणि फसवणूक उघडी पडते तेव्हा सगळ्यांना धक्का बसतो.

नावे ठेवण्याची सवय इतकी सहज का लागते, याचा मागोवा मानसशास्त्राने घेतला आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना क्युबाचा नेता फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे किंवा विरोधातले निबंध वाचायला दिले. काहींना सांगितले की बाजू लेखकाने स्वतः निवडली. काहींना सांगितले की ती त्याला नेमून दिली होती. नेमून दिलेली बाजू लेखकाच्या मनाबद्दल फारसे काही सांगत नाही, हे उघड आहे. तरीही बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार त्या बाजूचाच असावा, असा वाचकांचा कल राहिला. परिस्थितीला कमी आणि स्वभावाला जास्त श्रेय देण्याच्या या कलाला ली रॉस यांनी १९७७ साली ‘मूलभूत गुणारोपण प्रमाद’ अशा अर्थाचे नाव दिले. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती चटकन आठवते : मला उशीर झाला तो रहदारीमुळे, त्याला झाला तो बेफिकिरीमुळे. मराठीत हे ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ एवढ्यात आटोपते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण मात्र इथे दगा देते. एका भांड्यातली शिते एकाच आचेवर शिजलेली असतात, म्हणून ती भाताला लागू पडते. माणसाचा एक दिवस दुसऱ्या दिवसाच्या आचेवर शिजलेला नसतो.

धर्मपरंपरांनी हा भेद फार पूर्वी ओळखला. ‘कोणाचे दोष काढू नका’ हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायाच्या आरंभी येते. कुसळ-मुसळाचा दाखलाही तिथेच आहे. पण त्याच अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा, असेही सांगितले आहे. पहिले वाक्य उचलून दुसरे विसरणारे पुष्कळ. योगसूत्रांत (१.३३) सुखी, दुःखी, पुण्यवान आणि अपुण्यवान यांच्याविषयी अनुक्रमे मैत्री, करुणा, मुदिता (आनंद) आणि उपेक्षा सांगितली आहे. अपुण्य ओळखायचे आहेच, फक्त ते मनात घोळवत बसायचे नाही. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या पसायदानात तर ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणे आहे. जायला हवे ते वाकडेपण, खळ नव्हे. आणि खळाला खळ म्हणायला कवी कचरलेलाही नाही.

न्यायालयाशी तुलना केली तर नावे ठेवणारा न्यायाधीशापेक्षा फार पुढे गेलेला दिसतो. न्यायालयात दुसरी बाजू ऐकावी लागते, स्वतःच्याच भांडणात न्यायाधीश होता येत नाही, निकालाची कारणे द्यावी लागतात आणि वर अपील असते. ओट्यावरच्या निवाड्यात यातले काहीच नसते.

‘मला जज करू नकोस’ हे वाक्य कधीकधी साध्या जाब विचारण्यालाही ढाल म्हणून पुढे केले जाते. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांनी व्यक्तीच्या विनाअट स्वीकाराला उपचारात मध्यवर्ती स्थान दिले. पण तिची प्रत्येक कृती पसंत करणे असा त्याचा अर्थ नव्हता.

खरी अडचण सीमेवर येते. एकच वागणे दहा वेळा दिसले की त्यावरून स्वभावाचा अंदाज बांधणे गैर म्हणता येत नाही. मूल कोणाच्या हाती सोपवायचे हे ठरवताना तो बांधावाच लागतो. कधी दहा वेळा थांबण्याची सोयही नसते. जोडीदाराने पहिल्यांदा हात उगारला तेव्हाच घर सोडणाऱ्या बाईकडे पुराव्यांची थप्पी नसते आणि ‘तू त्याला एवढ्यातच पारखलेस?’ असे तिला विचारले जाते. तो माणूस मुळात कसा आहे, याचे उत्तर तिला देता येणार नाही. तिने ठरवले आहे ते एवढेच, की आजची रात्र त्या घरात काढायची नाही.